बाहेरचे हात

सोमवार, २ तारीख

पोहोचले बाई एकदाची. चार मजले चढून. लिफ्ट बंद, कारण म्हणे तिच्या बटणाला सगळे हात लावतात. जिन्यात माझे दोन्ही गुडघे एकमेकांशी भांडत होते, पण मन एकदम खूश. लेकीचं हे नवं घर मी पाहिलंच नव्हतं. उजेड भरपूर, भिंती पांढऱ्या, आणि स्वयंपाकघर इतकं चकचकीत की इथं कुणी कधी कांदा कापला असेल यावर विश्वास बसू नये.

जावई जहाजावर स्वयंपाकी आहेत. साथ आल्यापासून त्यांचं जहाज कुठलंच बंदर घेत नाही, मधल्या मध्ये पाण्यात उभं. म्हणून लेकीनं मला बोलावलं. तिचं घरूनच फोनवरचं काम, आणि नात छातीची नाजूक. जन्मली तीच घाईघाईनं. जरा सर्दी झाली की छातीत शिटी वाजते. तिला ही साथ लागता कामा नये. आम्हा दोघींना एवढं एकच काम.

दारात मिठीबिठी काही नाही. लेकीनं लांबून साबण दाखवला आणि मला पिशवीसकट मागच्या खोलीत घातलं. म्हणाली, आई, बाहेरून आलेलं सगळं आधी काही दिवस इथंच थांबतं. मी म्हटलं, म्हणजे मी बटाटा का? तशी हसली. हसली की तिचा तो वाकडा दात अजून लहानपणीसारखा पुढे येतो.

खोली वाईट नाही. खाट आहे, फळ्या आहेत, कोपऱ्यात नळ आणि न्हाणी. एक दार मागच्या जिन्यात उघडतं, किराणा तिथून येतो. दुसरं दार काचेचं, त्यातून सगळं स्वयंपाकघर दिसतं. खिडकीही आहे, पण तिच्यापुढे हातभरावर भिंत. भिंतीला काय बघायचं? ती तरी मला काय बघणार?

नातीला मी खार म्हणते. बिस्किटं लपवून ठेवते, उशीखाली, बुटात, कुठंही. तिनं काचेतून मला हुकूम सोडला की आजीनं रोज वहीत लिहायचं, मी आत आले की ती तपासणार. वही तिचीच जुनी, मागची पानं कोरी. मी चौथीपर्यंत शिकले, तीही मास्तरांच्या मेहरबानीनं. वेलांट्या चुकल्या तर पेनाला बोल लावेन.

शुक्रवार, ६ तारीख

आज सुटले. आत गेले तशी खार पोटाला येऊन चिकटली, गोचिडीसारखी. केसांना तेल नाही, नखं वाढलेली. अर्धा दिवस तिच्यातच गेला.

आमचा एक खेळ ठरला. मी दोनदा टकटक केली की खारीनं असेल तिथून धावत टेबलाखाली शिरायचं, गुडघे पोटाशी, डोकं आत. ती तिची ढोली. पुन्हा टकटक केली की बाहेर. दिवसभर तेच. लेक फोनवर कुणाला तरी कर्जाचे हप्ते समजावत होती, आणि आम्ही टकटक. शेवटी तिनं डोळे वटारले. मग आम्ही दोघीही ढोलीत शिरलो. मला बाहेर काढायला दोघींना ओढावं लागलं.

सोमवार, ९ तारीख

किराणा आत घ्यायची इथली रीत लिहून ठेवते. पुढं कुणी वाचलं तर हसेल तरी.

कोपऱ्यावरची दुकानवाली मागच्या जिन्यात पिशवी ठेवते, घंटी वाजवते, दोन पायऱ्या खाली जाऊन उभी राहते. बाई गमतीची. तोंडावर फडकं असलं तरी बडबड थांबत नाही. म्हणाली, आजी, लोक हल्ली माझ्यापेक्षा माझ्या टोमॅटोला जास्त घाबरतात. मी म्हटलं, टोमॅटो तरी गप्प बसतो.

लाल टब बाहेरच्या वस्तूंचा, निळा टब धुतलेल्यांचा. पिशवी उलटी करून माल लाल टबात, पिशवी लगेच कचऱ्यात. भाजी, फळं नळाखाली साध्या पाण्यानं चोळून. डबे, बाटल्या साबणाच्या फडक्यानं पुसून. पावाचं वरचं वेष्टण कापायचं आणि हात न लावता पाव डब्यात सोडायचा. हे मला लगेच जमलं, लेकीला अजून जमत नाही. दूध निळ्या टबात जाण्याआधी त्याची पिशवी धुवायची. मग स्वतःचे हात, कोपरापर्यंत. मग निळा टब आत.

चार कांदे आणायचे तर बारशाएवढी तयारी. पण ठीक आहे. पोरीच्या छातीपुढे कसला कंटाळा.

गुरुवार, १२ तारीख

खालच्या मजल्यावरचा म्हातारा शिंपी आजारी पडला. ह्या घरातली तोंडाची फडकी त्यानंच शिवली, खारीच्या फडक्यावर शेपूटही काढून दिली. मागच्या आठवड्यात लेकीनं त्याला चार सफरचंदं दिली होती. आलेल्या पिशवीतून तशीच काढून, न धुता. घाईत होती.

आता तिनं डोक्यात घेतलंय की सफरचंदांनीच त्याला आजार दिला. मी म्हटलं, अगं तो रोज गल्लीत चार टाळक्यांत बसून शिळोप्याच्या गप्पा मारतो, त्याला सफरचंद कशाला हवं? ऐकते कुठली. दुपारभर नळाशी उभी होती. हात धुते, पुसते, वास घेते, परत धुते.

संध्याकाळी नवी रीत निघाली. घरात दोन माणसं, तर एकाचे हात बाहेरचे आणि एकाचे आतले. बाहेरचे हात किराणा घेतील, धुतील, पण पोरीला शिवणार नाहीत. आतले हात पोरीला जेवू घालतील, पण बाहेरच्या कशाला लागणार नाहीत. तिचा आवाज इतका कापत होता की मी वाद घातला नाही. म्हटलं, बाहेरचे हात माझे. माझं हे जुनं लाकूड, वाळवी लागली तरी किती खाणार.

खाट परत मागच्या खोलीत. काचेच्या ह्या बाजूला.

शनिवार, १४ तारीख

सकाळी लेक आतल्या न्हाणीत होती. खार काचेचं दार ढकलून धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. मी ढकलायला हवं होतं. नाही ढकललं.

लेकीनं पाहिलं. ओरडली नाही, तेच वाईट. पोरीला दंडाला धरून नळाखाली नेलं आणि बटाटा घासावा तशी घासली. भांड्याच्या घासणीनं. पोरगी रडायची थांबली तरी हिचा हात थांबेना. मान लाल झाली, कानामागे सालपट निघालं.

मी काचेतून ओरडत होते. आत जावं तर म्हणायची, आई, तू पाऊल टाकलंस की परत पहिल्यापासून घासावी लागेल.

मग मीच तोडगा काढला. म्हटलं, दाराला तुझ्या बाजूनं कडी लाव, वर, पोरीचा हात पोचणार नाही अशी. ती येणार नाही, तू घासणार नाहीस. लेकीनं लगेच स्क्रू आणि पेचकस आणला. कडी कुठं बसवायची ते मीच बोटानं दाखवलं.

मंगळवार, १७ तारीख

माझ्या पिशवीत छोटा रेडिओ आहे. आज त्यावर डॉक्टरीण बोलली. आवाजावरून समजूतदार वाटली. म्हणाली, हा आजार मुख्यत्वे माणसाच्या श्वासातून पसरतो. भाजी-फळं साध्या वाहत्या पाण्यानं धुवा, पुरे. साबण नको, फरशीचं औषध तर मुळीच नको, ते पोटात गेलं तर त्याचंच विष होतं. सामान हाताळून झालं की हात साबणानं धुवा.

मी रेडिओ काचेला टेकवून आवाज मोठा केला. लेकीनं सगळं ऐकलं. म्हणाली, ती बाई येणार आहे का आपली पोर सांभाळायला? आणि म्हणाली, हात धुवा म्हणाली ना? मी हातच धुतेय.

काल खारीनं सफरचंद अर्धं टाकलं होतं. म्हणाली, फरशीसारखं लागतं, जीभ चुरचुरते. म्हणजे मी साध्या पाण्यानं धुतलेलं आत गेलं की ही परत फरशीच्या औषधात बुडवते. मी चांगली झाडली तिला. अति तिथं माती, हे मी तुला पाळण्यात शिकवलं नव्हतं का, म्हटलं. मान खाली घालून ऐकत होती. वाटलं, उतरलं डोक्यात.

मग म्हणाली, तुझा फोन दे, पुसून देते. मी निळ्या टबात ठेवला. तिनं तो साबणाच्या बादलीत घातला आणि तळाशी दाबून धरला. बुडबुडे थांबेपर्यंत. परत दिला तेव्हा स्वच्छ होता. आणि मेलेला.

बुधवार, १८ तारीख

शिंपी गेला.

दुकानवालीकडून कळलं. मी लेकीला सांगणार नव्हते, पण जिन्याचं दार उघडं होतं, तिथलं बोलणं काचेतून आत गेलं. ती खुर्चीत बसली. चेहऱ्यावर काही नाही, धुतलेल्या ताटासारखा. एवढंच म्हणाली, चार सफरचंदं, आई. चारच होती.

दुपारी तिचा फोन तिला ओळखेना. अंगठा ठेवला की उघडायचा तो. दहादा ठेवला. मग तिनं मला काचेतून अंगठा दाखवला. त्यावर रेषाच नाहीत. गुळगुळीत, पांढरा, पाण्यात विसरलेल्या साबणाच्या वडीसारखा.

वाटलं होतं घाबरेल. ती हसली. म्हणाली, बघ, आता कुठं स्वच्छ झाला.

वाकडा दात दिसला. आणि मला पहिल्यांदा माझ्या पोटच्या पोरीची भीती वाटली.

शुक्रवार, २० तारीख

दुकानवालीला आज जिन्यात थांबवलं. म्हटलं, बाई, कुणाला तरी बोलाव. माझी लेक भ्रमिष्टासारखं वागतेय. ती आधी हसली, म्हणाली, आजी, सगळ्याच घरांत हेच चाललंय, माझ्या जावेनं नोटा उकळल्या. मग मी पोरीच्या मानेचं सांगितलं. म्हणाली, दवाखान्यात सांगते, उद्या कुणाला तरी घेऊन येते. आणि वळताना खोकली. एकदा. मग पुन्हा, लांबवर, खालच्या पायऱ्यांवर.

शनिवार, २१ तारीख

दुकानवाली आली नाही. राखणदार आला. मागच्या जिन्याच्या दाराला बाहेरून कुलूप घातलं. दारातूनच ओरडून विचारलं तर म्हणाला, दुसऱ्या मजल्यावर रोगी निघाला, हा जिना बंद, पुढचा वापरा. मी म्हटलं, अरे बाबा, पुढं जायला मला आतलं दार उघडायला हवं! तो म्हणाला, मग उघडा की आजी.

पावलं वाजत खाली गेली.

आतलं दार कडीनं बंद. कडी तिच्या बाजूला. मी दाखवलेल्या जागी.

रविवार

लेक आत काही घेईनाशी झालीय. निळा टब भरून काचेशी ठेवते, ती बघते, मान हलवते. अजून स्वच्छ नाही. परत धुते. अजून नाही.

माझ्या खोलीत पाव आहे, अंडी, दूध, तीन फळ्या भरून डबे, पोतंभर बटाटे. काचेच्या पलीकडे पोरगी साखरेचं पाणी पिते. साखर साथीच्या आधीची, म्हणून ती चालते. लेक स्वतः नुसतं गरम पाणी पिते. स्वतःलाही काही देत नाही, तिला दोष तरी कसा देऊ.

चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात. इथं चणे इकडे आणि दात तिकडे.

खार काचेला गाल लावून बसते. मी माझ्या बाजूनं हात ठेवते. काच गार. टकटक केली तर ढोलीत गेली, पण हळू. परत बाहेर यायला विसरली.

खिडकीतून हाका मारल्या. भिंतीनं ऐकल्या.

सोमवार

सुचलं. दाराखाली फट आहे, बोटाएवढीही नाही. जाड बिस्किट जात नाही. पातळ खारं बिस्किट जातं.

लेक न्हाणीत गेली की एक सरकवते. खार पोटावर पालथी पडून उचलते, गालात ठेवते, चावत नाही, विरघळू देते. आवाज नको म्हणून. शहाणी माझी. सहा दिली. दोन तिनं मोज्यात लपवली.

जरा रंग आलाय तोंडावर. की मलाच दिसतोय.

फरशी पुसायच्या औषधाचा वास आता ह्या बाजूलाही येतो. डोळे चुरचुरतात.

मंगळवार

मोज्यातली सापडली.

लेक ओरडली नाही. पोरीला टेबलाशी बसवलं, समजूत घालावी तशी हनुवटी धरली, आणि फडक्यानं तोंड आतून पुसलं. जीभ, गालफडं, टाळू. परत बुडवायचं, परत पुसायचं. पोरीचे पाय खुर्चीवर आपटत होते — मी काच बडवली, लाथा घातल्या, शिव्या दिल्या ज्या आयुष्यात दिल्या नाहीत. ती माझ्याकडे बघून म्हणाली, आई, तूच घातलंस ना तिच्या तोंडात? बाहेरच्या हातांनी?

खरं आहे ते. मीच —

फटीत ओलं फडकं कोंबलंय. वास त्याचाच.

पोरीचे ओठ सुजलेत. छातीतली शिटी काचेतून ऐकू येते. लेकीलाही येते. ती म्हणते, बघ, लागली तिला साथ. साथ नाही गं बये, तुझं औषध आहे ते — सांगून सांगून घसा बसला. ऐकते. मान हलवते. जाऊन आणखी धुते.

बुधवार — बहुधा

सकाळ. लेक शांत आहे. केस विंचरलेत. काचेशी येऊन बसली, लहानपणी माझ्यापुढं बसायची तशी. म्हणाली, आई, मला कळलं कुठं चुकतंय. मी सगळं वरून धुत होते. पिशवी वरून, फळ वरून, पोरगी वरून. बिस्किट तर आत गेलंय ना.

मग उठली. पातेलं ठेवलंय गॅसवर. बाजूला फरशीच्या औषधाची बाटली. आणि खारीचा पेला, शेपटीवालं चित्र असलेला.

म्हणते, पाणी कोमट झालं की देते. फार गरम नको, पोरीचं तोंड आलंय.

ती माझी आहे. मी जन्म दिलाय तिला. ताप आला की मीच तिच्या —

नाही. आता ते नाही.

काच जाड आहे. बटाट्यांनी फुटली नाही, खाटेच्या पायानं तडा गेला, एकच, खालच्या कोपऱ्यात. तेलाचा मोठा पत्र्याचा डबा आहे, भरलेला. मला उचलवतो का बघितलं. कमरेपर्यंत येतो. तडा कमरेखालीच आहे. पण खार काचेला टेकूनच बसलीय, फुटली तर सगळी तिच्यावर. तिला आधी हलवायला हवी. लेकीची पाठ वळायला हवी.

थांबलेय. तोवर लिहितेय.

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. हा नाही सोकावू द्यायचा —

पाण्यात बोट घालून बघितलं तिनं. गरम आहे अजून.

खारीनं डोळे उघडले. माझ्याकडे बघतेय. ओठ हलवत नाही.

गॅस बंद केला.

टकटक केली. दोनदा. हलली नाही.

पुन्हा केली. लेकीनं मान वर केली — नाही वळली — पेल्यात ओततेय —

खारे. ऊठ गं. ढोलीत. ऊठ माझी बाय —

टकटक

सरकली. एक हात. पोटावर. टेबलाच्या पायापर्यंत

पेला घेऊन निघाली ती, नाव घेऊन हाक मारतेय, गोड आवाजात —

गेली. गेली ढोलीत. डोकं आत घेतलं

आता बाहेरचे हात आत ये